शीर्षकपानामागचा शिक्का : १६२४ सालच्या एका सचित्र भक्तिग्रंथाचे प्रकरण

पार्श्वभूमी

वांद्र्यातल्या एका ईस्ट इंडियन (मुंबई-वसई भागातल्या मूळच्या कॅथलिक समाजातल्या) कुटुंबाचे जुने घर पुनर्विकासाला जाणार होते. माळा रिकामा करताना पत्र्याच्या ट्रंकेत लॅटिन पुस्तके निघाली. बहुतेकांची वाळवीने चाळण केली होती. एक मात्र बचावले होते. तळहातावर मावेल एवढे, पांढरट व्हेलमच्या (कमावलेल्या वासराच्या कातड्याच्या) बांधणीचे, आत तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रे. घर आवरणाऱ्या बाईंनी ओळखीतून गिरगावातल्या एका संग्राहकाला फोन केला. हे गृहस्थ छापखान्याच्या प्रोसेस खात्यातून, म्हणजे चित्रांचे ठसे तयार करणाऱ्या विभागातून, निवृत्त झालेले. सतराव्या-अठराव्या शतकातली सचित्र चिंतनपुस्तके ते अनेक वर्षे जमवत आले आहेत. या लेखात दोघांची आणि संबंधित संस्थेची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

पुस्तक होते 'पिआ देसिदेरिआ'. लेखक हर्मान ह्यूगो हा जेझुइट या कॅथलिक संघाचा धर्मगुरू. आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्पला हेंड्रिक आर्टसेन्सने ते १६२४ मध्ये प्रथम छापले. चित्रे बोएटियस बोल्सवर्टची. ग्रंथाचे तीन भाग आहेत. पहिल्यात पश्चात्ताप करणाऱ्या आत्म्याचे उसासे, दुसऱ्यात पवित्र झालेल्या माणसाच्या आत्म्याच्या इच्छा, तिसऱ्यात देवावर जीव जडलेल्या आत्म्याची तळमळ. दर भागात १५, म्हणजे एकूण ४५ प्रतीकचित्रे. प्रत्येक चित्राबरोबर बायबलमधले एक वचन, त्यावर लॅटिन कविता आणि मग चर्चच्या आद्य आचार्यांच्या लेखनातून गुंफलेले गद्य. चित्रांत बहुतेक दोनच पात्रे असतात : देवाचे प्रेम आणि माणसाचा आत्मा, दोघेही लहान मुलांच्या रूपात. आधी चित्रासमोर थांबायचे, मग वचन, मग कविता, असे हे पुस्तक वाचायचे असते. चित्र गेले की ते अख्खे प्रकरण मुके होते.

ग्रंथ युरोपभर गाजला आणि त्याच्या कितीतरी आवृत्त्या, भाषांतरे, नकला निघाल्या. क्रिस्टोफेल व्हान सिखेमने हीच चित्रे लाकडी ठशांत उतरवली. इंग्रजीत फ्रान्सिस क्वार्ल्सने १६३५च्या आपल्या पुस्तकाचा मोठा भाग याच चित्रांवर उभा केला. संग्राहकाची खरी अडचण इथे सुरू होते. एकच चित्र अनेक हातांनी, अनेक मापांत कोरलेले असल्याने एका प्रतीतले हरवलेले पान दुसरीतून काढून बसवणे सोपे असते, आणि नुसते चित्रे मोजणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

समस्या

शीर्षकपानावर १६२४ साल होते. बाईंनी इंटरनेटवर किमती बघून १,४०,००० रुपये सांगितले. चित्रे मोजली तर ४५ भरली. बांधणी घट्ट होती, समासात कसर लागल्याच्या थोड्या खुणा होत्या, पण मजकुराला धक्का नव्हता. वरवर पाहता असे पुस्तक मुंबईत सहसा हाती लागत नाही.

संग्राहकाला दोन गोष्टी खटकल्या. १७ क्रमांकाचे चित्र आसपासच्या चित्रांपेक्षा किंचित लहान होते, आणि ३८ क्रमांकाचे पान उलटताना बोटांना गुळगुळीत लागत होते. तिसरी गोष्टही समोरच होती, पण तिचा अर्थ त्या दिवशी लागला नाही. शीर्षकपानाच्या पाठीमागे, पान मजबूत करायला लावतात तसा, पूर्ण पानाचा कागद चिकटवलेला होता.

पडताळणी

पुस्तक तपासायला म्हणून घरी आणताना संग्राहकाने चिठ्ठीवर पोच लिहून दिली. हे फार चांगले केले. पुढे पुस्तक कोणाच्या ताब्यात, कधीपासून, कशासाठी, हा प्रश्न निघाला तेव्हा तीच चिठ्ठी कामाला आली.

व्हेलमच्या बांधणीचे जुने पुस्तक सपाट उघडू नये, शिलाई तुटते. दोन्ही पुठ्ठ्यांखाली गुंडाळलेले टॉवेल देऊन ते साधारण काटकोनात उघडे ठेवले. पडताळणी चार पातळ्यांवर झाली.

आधी फर्मे, म्हणजे एकेक मोठा छापील कागद घडी घालून झालेली पानांची जुडगी. ही अष्टपत्री घडी आहे, म्हणजे एका कागदाची ८ पाने, १६ पृष्ठे. फर्म्याच्या सुरुवातीच्या पानांच्या तळाशी फर्म्याचे अक्षर आणि आकडा असतो, आणि पृष्ठाच्या शेवटी पुढच्या पृष्ठाचा पहिला शब्द छापलेला असतो. ही दोन्ही साखळी पानोपान जुळवायची. फ्लँडर्समध्ये, म्हणजे अँटवर्प ज्या भागात येते तिथे, छापलेल्या जुन्या पुस्तकांची एसटीसीव्ही ही सूची फर्म्यांची नोंद देते. १६२४च्या आवृत्तीची पाने उत्रेख्तच्या प्रतीकचित्र प्रकल्पाने ऑनलाइन ठेवली आहेत. शेजारी लॅपटॉप उघडून दोन्ही लावत गेले की चूक सापडते. इथे १७ आणि ३८ ही दोन पाने मूळ फर्म्याची नव्हती. मुळाशी कापलेल्या पानाची अरुंद पट्टी उरली होती आणि नवे पान त्या पट्टीला चिकटवले होते.

मग कागद. पातळ एलईडी शीटवर पान धरले की जुन्या हातकागदातल्या साच्याच्या रेघा दिसतात. अष्टपत्री पुस्तकात यातल्या लांब अंतराच्या रेघा उभ्या असतात आणि जलचिन्ह शिलाईच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात अर्धेमुर्धे सापडते. १७व्या पानात रेघा होत्या, पण त्यांतले अंतर इतर पानांशी जुळत नव्हते. ३८व्या पानात रेघाच नव्हत्या. रेघा नसलेला, जाळीवर विणलेल्या साच्याचा कागद युरोपात १७५०च्या दशकात आला. १६२४च्या पुस्तकात तो असणे शक्य नाही.

तिसरी पातळी छपाईची, आणि इथे प्रोसेस खात्यातली नजर उपयोगी पडली. दहापट लुपखाली (भिंगाखाली) कोरीव चित्राची शाई कागदावर किंचित उठलेली दिसते, तिरप्या उजेडात बोटाच्या टोकालाही जाणवते. रेघ टोकाला निमुळती होत संपते, कारण कोरणी उचलली जाते. चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन असतो. ३८व्या पानावर चौकोन नव्हता. रेघांच्या कडेला शाई दाबून बाहेर सरकल्याची गडद किनार होती आणि पाठीमागे रेघांचा उठाव. हा लाईन ब्लॉक, म्हणजे रेघा उठावात ठेवलेला धातूचा ठसा. बहुधा विसाव्या शतकात फोटोवरून करून घेतलेला. चित्र तेच होते : सांगाड्याच्या बरगड्यांत बसलेला आत्मा, खाली रोमकरांस पत्रातले वचन, 'मला या मरणाच्या देहापासून कोण सोडवील?' नक्कल प्रामाणिकपणे केलेली होती, फक्त कोणी तसे लिहून ठेवले नव्हते.

१७वे पान चक्रव्यूहाचे. आत्मा भूलभुलैयात उभा आणि मनोऱ्यावरून देवाच्या प्रेमाने सोडलेला दोर त्याच्या हातात. ऑनलाइन प्रतीशी ताडले तर चित्र आरशात पाहावे तसे उलटे होते. नकलाकार मूळ छापील चित्र समोर ठेवून पत्र्यावर जसेच्या तसे कोरतो तेव्हा छाप उलटा येतो. म्हणजे हे पान नंतरच्या कोणत्या तरी नकल-आवृत्तीतून काढलेले. चौकोनाची उंची मोजली तर तीही कमी भरली. ही दोन चित्रे इतरांहून जास्त वेळा कापली जातात, कारण दोन्ही चौकटीत छान दिसतात.

चौथी पातळी छापाच्या ताजेपणाची. उरलेल्या ४३ चित्रांत बारीक छायारेघा ठसठशीत होत्या, म्हणजे पत्रा झिजण्याआधीचे छाप. एकूण निष्कर्ष असा की पहिली आवृत्ती खरी, ४३ चित्रे मूळ, दोन बसवलेली.

पहिला निर्णय आणि त्यातली घाई

निष्कर्ष बाईंना दाखवून संग्राहकाने ८५,००० देऊ केले. बोलणी ९५,००० वर थांबली आणि २०,००० विसार दिला गेला. अपुऱ्या प्रतीची किंमत किती उतरवायची याचे ठरलेले गणित नाही. गेलेली चित्रे कोणती, यावर बरेच अवलंबून असते. इथे नेमकी दोन सर्वात मागणी असलेली चित्रे गेली होती, त्यामुळे आमच्या मते ९५,००० हाही आकडा चढाच होता.

विसार दिल्यावर संग्राहकाने पुस्तकाची तपशीलवार नोंद लिहायला घेतली, आणि त्या ओघात शीर्षकपान पहिल्यांदा एलईडी शीटवर ठेवले गेले. मागे चिकटवलेल्या कागदाखालून जांभळट अंडाकृती शिक्का उमटला. उलटा वाचत गेल्यावर एका सेमिनरीच्या (कॅथलिक धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेच्या) ग्रंथालयाचे नाव लागले आणि मध्ये हाताने लिहिलेला दाखल क्रमांक.

अशा पुस्तकांच्या पहिल्या पानांवर नावे, शिक्के असतातच. सतराव्या शतकातल्या मठाची किंवा कॉलेजची हस्ताक्षरातली नोंद असेल तर घाबरण्याचे कारण सहसा नसते. १७५९ मध्ये पोर्तुगीज मुलखातून जेझुइटांची हकालपट्टी झाली, १८३५ मध्ये गोव्यातले मठ बंद झाले, त्या उलथापालथीत ग्रंथसंग्रह विखुरले. पण दाखल क्रमांकासह असलेला विसाव्या शतकातला रबरी शिक्का वेगळा. ती संस्था आजही उभी असते, तिचे रजिस्टर कपाटात असते. शिवाय लॅटिन चिंतनपुस्तक मुंबई-वसईच्या घरांत सहसा नसे. घरी प्रार्थनेची पुस्तके मराठीत, कोकणीत किंवा पोर्तुगीजमध्ये असत. असे पुस्तक घरात सापडले तर बहुधा कुटुंबातल्या कोणा फादरच्या हातून आलेले असते, आणि फादरच्या हाती बहुधा सेमिनरीच्या कपाटातून. हे आधी सुचले असते तर शिक्का शोधायची आठवण पहिल्या दिवशीच झाली असती.

कागद सोलायचा का

शिक्का नीट वाचण्यासाठी मागचा कागद वाफेवर सोडवण्याचा मोह झाला होता. तो टाळला हा या प्रकरणातला सर्वात शहाणा निर्णय. जुन्या जांभळ्या शिक्क्यांची शाई ॲनिलिन रंगाची असते आणि ती पाण्यात, स्पिरिटमध्ये फुटते. वाफ लागली असती तर जांभळा डाग पानातून पुढे उतरून छापील शीर्षकावर आला असता, आणि मालकीचा एकमेव पुरावाही वाचता येईनासा झाला असता. दुसरे कारण साधे आहे. पुस्तक अजून संग्राहकाचे नव्हते, आणि दुसऱ्याच्या वस्तूवर दुरुस्ती करू नये. मागून उजेड देऊन मोबाइलने फोटो काढला, संगणकावर आडवा उलटा केला, रंगांत फक्त निळा भाग वाढवला, आणि दाखल क्रमांक स्पष्ट वाचता आला.

पर्याय

गप्प राहून व्यवहार पुरा करणे हा पहिला. माल विक्री कायदा, १९३०चे कलम २७ सांगते की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क असेल तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. घेणारा प्रामाणिक असला तरी पुस्तक संस्थेचे ठरले तर पैसे अडकतात. आणि शिक्का दिसल्यानंतर तो अनभिज्ञही राहत नाही. चोरीची मालमत्ता जाणूनबुजून बाळगणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. इथे चोरी झाली असे कोणी म्हणत नव्हते, पण डोळेझाक करून पुस्तक घेणे म्हणजे त्या वाटेवर पाऊल टाकणे होते.

दुसरा, विसार परत घेऊन बाजूला होणे. कायद्याच्या बाजूने निर्धोक, पण शिक्क्याचे रहस्य आता बाईंनाही कळणार होते, आणि पुढचा गिऱ्हाईक तो कागद सोलून शिक्का खरवडणार नाही याची खात्री कोणी द्यावी? बाईंना परदेशातल्या एका विक्रेत्याचाही निरोप आला होता. ती वाट मुळातच बंद होती. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे पुरावशेष देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या यंत्रणेलाच आहे. चारशे वर्षांचे पुस्तक कुरियरने सहज धाडता येत नाही.

तिसरा, संस्थेकडून 'आमचा हक्क नाही' असे पत्र घेऊन खरेदी पुरी करणे. आकर्षक वाटतो, पण त्यात एक बारकावा आहे. कॅथलिक चर्चच्या १९८३च्या कायदेसंहितेतला १२९२वा नियम सांगतो की कलेच्या किंवा इतिहासाच्या दृष्टीने मौल्यवान वस्तू दुसऱ्याला द्यायची तर रोमची परवानगी लागते. ग्रंथपालाची किंवा एखाद्या फादरची चिठ्ठी पुरेशी नाही. धार्मिक संस्थांच्या जुन्या वस्तू घेणाऱ्या प्रत्येकाला हा नियम माहीत असायला हवा.

चौथा, शिक्क्याचा फोटो आणि क्रमांक संस्थेला कळवणे आणि रजिस्टर काय सांगते त्याप्रमाणे वागणे. संग्राहकाने हा निवडला.

काय केले

संस्थेला लिहिण्याआधी बाईंना सांगणे गरजेचे होते. त्यांना डावलून पत्र गेले असते तर विश्वास संपला असता. हे बोलणे अवघड गेले.

"अंकल, आमच्या फादर अंकलचं पुस्तक आहे हे. चोरीचं कसं असेल?"

"बाय, चोरीचं कोणीच म्हणत नाही. त्यांनी वाचायला आणलं असेल आणि परत द्यायचं राहिलं असेल. रजिस्टर बघू, मग ठरवू."

दोन दिवस बाईंनी फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच फोन करून होकार दिला, एका अटीवर : पत्रात फादर अंकलवर कुठलाही ठपका येता कामा नये.

पत्र एका पानाचे होते. पुस्तकाचे नाव, साल, दाखल क्रमांक, शिक्क्याचा फोटो, पुस्तक सध्या कोणाकडे आहे आणि एकच प्रश्न : हा क्रमांक आपल्या रजिस्टरात आहे का, आणि असल्यास पुस्तक काढून टाकल्याची नोंद आहे का? अशा पत्रात किंमत, वकील, कायदा यांचा उल्लेख नसावा. उत्तर शांतपणे यावे अशी इच्छा असेल तर प्रश्नही शांत असावा लागतो.

उत्तराची वाट बघण्याचे दिवस नेमके पावसाळ्याचे. व्हेलम दमट हवा शोषते आणि पुठ्ठे वाकायला लागतात. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीला वाव मिळतो. पुस्तक आम्लविरहित पेटीत, हलक्या वजनाखाली, सिलिका जेल आणि छोट्या आर्द्रतामापकासह ठेवले. डांबरगोळ्या टाकल्या नाहीत. बुरशीवर त्यांचा उपयोग नाही आणि वास व्हेलममध्ये मुरतो. एसी खोलीतून थेट दमट व्हरांड्यात पुस्तक नेले की त्यावर बाष्प धरते, म्हणून ते तपासायचे तर त्याच खोलीत तपासले जाई.

परिणाम

रजिस्टरात क्रमांक सापडला, पुस्तकाचे नाव जुळले, काढून टाकल्याची नोंद नव्हती. संस्थेने पुस्तक परत मागितले, पण पत्राची भाषा सौम्य होती. संग्राहकाच्या सूचनेवरून सूचीतल्या नोंदीत 'दिवंगत फादरांच्या कुटुंबाकडून परत आले' असे लिहायला संस्था तयार झाली. बाईंना त्यामुळे मोठा दिलासा मिळाला. त्या स्वतः संग्राहकाबरोबर पुस्तक द्यायला गेल्या आणि सही-शिक्क्याची पोच दोघांच्या नावे घेतली.

विसाराचे २०,००० बाईंनी घर हलवण्यात खर्च केले होते. ते दोन हप्त्यांत परत आले. लेखी करार नव्हता, फक्त यूपीआयची नोंद आणि ती चिठ्ठी. बाई सरळ होत्या म्हणून निभावले.

संस्थेने कागद-संवर्धकाला पुस्तक दाखवले. त्यानेही मागचा कागद काढला नाही. शिक्क्याच्या शाईचा धोका आणि कागद काढून मिळणारे काही नाही, असा त्याचा हिशेब. बसवलेली दोन पानेही तशीच ठेवली आणि सूचीत '१७ नंतरच्या नकल-आवृत्तीतून, ३८ लाईन ब्लॉक' असे स्पष्ट लिहिले. संग्राहकाने केलेली पानोपानची पडताळणी संस्थेने नोंदीला जोडून ठेवली.

संग्राहकाने पुढे याच ग्रंथाची लाकडी ठशांची, नंतरची पण संपूर्ण प्रत परदेशातून मागवली. शंभर वर्षांवरचे पुस्तक सीमाशुल्कात साध्या छापील पुस्तकाच्या ४९०१ या शीर्षकाखाली न जाता पुरातन वस्तूंच्या ९७०६ खाली जाते. पाठवणाऱ्याने लेबलवर ४९०१ लिहिले की पार्सल अडते आणि खुलासा मागितला जातो. त्याने बीजकावर छपाईचे साल, ९७०६ आणि पुस्तकातला एक फोटो आधीच मागून घेतला होता, त्यामुळे पार्सल फारसे न अडकता सुटले. दर बदलत असतात, ते मागवण्याआधी कस्टम ब्रोकरला विचारावेत.

वेगळे काय करता आले असते

पडताळणीचा क्रम उलटा हवा होता. चित्रे मोजण्यात, कागद बघण्यात तासन्‌तास गेले आणि मालकीच्या खुणांकडे शेवटी लक्ष गेले. एलईडी शीट पहिल्याच दिवशी हातात होते. सुरुवात शीर्षकपान, त्याची पाठ, पोस्तीन (पुठ्ठ्याला आतून चिकटवलेला कागद) आणि शेवटचे पान यांपासून झाली असती तर ही खूण दहा मिनिटांत सापडली असती. चिकटवलेला कागद, खरवडून पातळ झालेली जागा, कोपरा कापलेले पान, पोस्तिनावर नव्याने डकवलेले नावाचे लेबल : ही चारही ठिकाणे मागून आणि तिरप्या उजेडात बघावीत. खरवडलेली शाई अतिनील टॉर्चखाली कधीकधी पुन्हा वाचता येते.

विसार देण्याआधी एक ओळ लिहून घ्यायला हवी होती : 'मालकीबाबत आक्षेप निघाल्यास विसार पूर्ण परत.' विक्रेत्याला ती टोचत नाही, आणि टोचली तर तेच उत्तर असते.

बाईंना विचारायचा पहिला प्रश्नही चुकला. संग्राहकाने 'किती अपेक्षा आहे?' असे विचारले. 'घरात कोणी फादर किंवा सिस्टर होत्या का, त्या कुठे शिकल्या, कुठे होत्या?' हे आधी विचारले असते तर कोणत्या सेमिनरीचा शिक्का शोधायचा हेही बोलता बोलता कळले असते, आणि बाईंना ट्रंकेतल्या बाकीच्या पुस्तकांकडेही त्याच नजरेने बघता आले असते. वाळवी लागलेल्या त्या गठ्ठ्यातल्या आणखी दोन पुस्तकांवर नंतर त्याच संस्थेचे शिक्के निघाले. तीही परत गेली.